तिसरी टिचकी

उद्यमबागेत माझं मिलिंग मशीन,
तिसऱ्या रेल्वे गेटाकडून चौथं शेड.
इथं पंपाची झाकणं होतात, ट्रॅक्टरचे बुश होतात;
स्टिअरिंग पहिल्यांदाच.

आणि ते गोल नाही.
भरमाण्णा म्हणाला, "हे काय गा, पाट हाय की चौरंग?"
वरून-खालून छाटलेलं, दोन बाजूंना दोन मुठी,
मधे बटणं, फिरक्या, दिव्यांची एक ओळ,
पाठीमागं चार पट्ट्या:
दोन गिअरच्या, दोन क्लचच्या.
भरमाण्णानं बावीस वर्षं ट्रक हाकला,
स्टिअरिंग परातीएवढं,
वळवायला खांदा लागायचा, घाटात कधी गुडघा.
ह्याला म्हणे अर्धा वळसा पुरतो.

शिवलीला हुक्केरी, कॉलेजच्या संघाची ड्रायव्हर,
शाडूचे दोन गोळे घेऊन आली
आणि माझ्यासमोर आवळून ठेवून गेली.
शाडू वाळली, बोटं उरली.
डाव्या करंगळीचा सांधा जुना मोडलेला,
सायकलवरून, येळ्ळूरच्या उतारावर.
म्हणून डावी मूठ तीन मिलिमीटर बारीक.
ड्रॉइंगमध्ये त्याला नाव नव्हतं.
मी पेन्सिलीनं लिहिलं: करंगळी.

बटणांवर काय लिहायचं, यावर पोरं दोन दिवस भांडली.
आमच्या गावाला पाट्यांचं भांडण नवं नाही;
शाळेत असताना डांबर फासलेली एक पाटी पाहिली होती,
खाली कुठली अक्षरं होती, आता आठवत नाही.
शिवलीला म्हणाली, काहीच नको.
"वळणात वाचायला कुणाला सवड हाय?
माझा अंगठा अडाणी हाय, कल्लाप्पा मामा.
त्याला एक खडबडीत द्या, एक गुळगुळीत द्या,
आणि एक खड्ड्यात द्या, चुकून दबायला नको ते."
खड्ड्यातलं, आग विझवायचं.

ब्रेकची फिरकी सगळ्यात अवघड.
पुढच्या चाकांना किती जोर, मागच्यांना किती,
हे ती वळणावळणाला बदलणार,
हातमोज्यातून, डोळे रस्त्यावर.
बारा खाचा, एक छर्रा, खाली बॉलपेनातली स्प्रिंग.
ती मोजते ओंदु, एरडु, मूरु.
मी मोजतो एक, दोन, तीन.

काळा रंग चढवायला कोल्हापूरला, शिरोलीत.
जोडणी तिथंच करून घेतली.
परतायच्या दिवशी कशावरून तरी बंद,
बस दूधगंगेच्या अलीकडंच थांबली, आमच्या बशी पलीकडं.
सगळे उतरून चालत निघालो:
लग्नाला निघालेलं एक बिऱ्हाड, कोंबड्यांची पाटी,
आणि मी, छातीशी स्टिअरिंग धरून.
पुलावर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले.
एक पोरगं म्हणालं, "मामा, गाडी कुठं पडली?"
चौकीवरच्या पोलिसानं उलटंसुलटं पाहिलं,
एक पट्टी ओढली. टक.
"हे कशाचं?"
गाडीचं, साहेब.
"गाडी कुठाय?"
मी दोन्ही भाषांत सांगितलं.
दोन्हींत ते खोटंच वाटलं.
मग त्यानं फिरकी फिरवली, हळूच,
पुन्हा फिरवली,
तोंड जरा सैल झालं त्याचं
आणि मागं रांग खोळंबली.

पुढं घरापर्यंत ते मांडीवर.
वळण आलं की माझे हात वळायचे,
बसच्या ड्रायव्हरच्या जरा आधी.
मला गाडी चालवता येत नाही.

मच्छेच्या माळावर चाचणी.
ती आत शिरली, आधी पाय, मग कंबर;
स्टिअरिंग नसतानाच शिरता येतं तिथं.
मग माझ्याकडं हात पसरले.
दाते जुळवले, ढकललं, कडी बसली.
त्या आवाजासाठी मी चार तुकडे भंगारात घातले होते.
अकरा फेऱ्या.
थांबली, कडी ओढली, काढून माझ्या हातात दिलं,
गरम, घामट.
वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.
"मूरु," म्हणाली. "तिसरी टिचकी मऊ लागती."

रात्री शेडमध्ये फिरकी उघडली आणि छर्रा उडाला.
लोहचुंबक दोरीला बांधून
भरमाण्णा आणि मी मशीनखाली ओढत बसलोय.
कीस निघाला, एक जुना नट,
कुणाची तरी सेफ्टीपिन.
छर्रा अजून नाही.